माफ करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

मागच्या अंकात प्रार्थनेवर लिहिलं होतं, पण त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले ते जवळजवळ सगळे माफीबद्दल. कुणाला माफ करता येत नाहीये, कुणाला माफी मिळत नाहीये, आणि दोघीतिघींना तर चक्क सांगितलं गेलंय की तू माफ करत नाहीस म्हणूनच तुझं दुखणं जात नाही. ही शेवटची पत्रं वाचून माझं डोकं फिरलं, त्यामुळे सुरुवात तिथूनच करते. नावं कुणाचीच देत नाहीये आणि ओळख पटेल असं काही असेल तर ते गाळलंय.

प्रश्न : ताई, मला काही वर्षांपासून संधिवात आहे, तो रूमॅटॉइडवाला. सकाळी उठल्यावर अर्धा तास बोटं मिटत नाहीत, गाऊनची बटणं लावायला मुलीला हाक मारावी लागते. आमच्या प्रेअर ग्रुपच्या लीडर म्हणाल्या, तुझ्या मनात कडूपणाचं मूळ आहे, ते उपटून टाकलंस की बरी होशील. खरं आहे, मोठ्या बहिणीशी माझं वाकडं होतं, आईच्या आजारपणात तिने सगळं माझ्यावर टाकलं होतं. मी तिला फोन केला, माफ केलं, दोघी रडलो, आता बोलणं पण सुरू आहे. दुखणं मात्र तसंच. आता म्हणतात तू मनापासून माफ केलं नसशील. एकजण तर म्हणाली गोळ्या बंद करून देवाला विश्वास दाखव. मी कुठे कमी पडतेय?

उत्तर : पहिली गोष्ट, गोळ्या बंद करू नका. एकही नाही. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, औषध मनाने सोडलं आणि आतल्या आत सांधा खराब झाला की तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि तेव्हा ज्यांनी हा सल्ला दिला त्या तुमची बटणं लावायला येणार नाहीत.

आता विश्वासाचं बोलू. चारही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही येशूच्या चरित्राची पुस्तकं वाचून बघा, येशूने कितीतरी आजाऱ्यांना बरं केलं, आंधळे, कुष्ठरोगी, तापाने फणफणलेली त्याच्या शिष्याची, पेत्राची सासू, पण एकालाही त्याने आधी विचारलं नाही की तू कुणाला माफ करायचं ठेवलंयस. ग्रुपमध्ये बहुतेक मार्कच्या ११व्या अध्यायातलं वचन सांगत असतील, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. बरोबर आहे, पण पुढचं पण वाचा ना, कशासाठी? तर तुमच्या स्वर्गातल्या पित्यानेही तुम्हाला क्षमा करावी म्हणून. सांधे बरे व्हावेत म्हणून असं तिथे काही लिहिलेलं नाही, ते आपण जोडलंय.

मला यात मार्कचा दुसरा अध्याय सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चार जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, दारात गर्दी म्हणून छप्पर उसकटतात आणि वरून बाज खाली सोडतात. येशू त्याला काय म्हणतो? ऊठ नाही म्हणत. म्हणतो, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. मग तिथे बसलेल्या धर्मशास्त्र्यांच्या मनात येतं की हा कोण पापांची क्षमा करणारा, हे तर दुर्भाषण, म्हणजे देवाची निंदा झाली, ते येशू ओळखतो, त्यांना उलट विचारतो की क्षमा झाली म्हणणं सोपं की ऊठ आणि चाल म्हणणं सोपं, आणि हे सगळं होईपर्यंत तो माणूस तसाच पडून आहे. क्षमा झालेला, आणि तरी हातपाय न हलणारा. आपण ती गोष्ट इतक्या घाईत वाचतो की ही मधली वेळ आपल्या लक्षातच येत नाही. त्या मधल्या वेळेत त्याची क्षमा अपुरी होती का? नाही. ती तेव्हाच पूर्ण झालेली होती.

आणि ज्यांचं शरीर बरं झालंच नाही त्यांचं काय? येशूचा प्रेषित पौल, त्याने देहातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली, उत्तर आलं माझी कृपा तुला पुरे आहे, काटा राहिला. तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला त्याने लिहिलं की तुझ्या पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, म्हणजे चक्क औषध सांगितलं, कडूपणाचं मूळ शोध असं नाही लिहिलं. त्रफिम नावाच्या सोबत्याला तर आजारी अवस्थेतच मिलेतात मागे ठेवावं लागलं. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते त्याचे हे सोबती. शिवाय त्याच्याबरोबर लूक असायचा, त्याला पौल प्रिय वैद्य म्हणतो. वैद्य नको असता तर बरोबर कशाला ठेवला असता?

योहानच्या ९व्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बघून विचारतात, कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने पण नाही आणि याच्या आईबापांनी पण नाही. तुमच्या लीडर त्या शिष्यांचाच प्रश्न विचारतायत, फक्त भाषा नवीन.

एक गोष्ट मात्र मान्य करते. वर्षानुवर्षं राग धरून ठेवला की झोप उडते, बीपी वर जातं, दुखणं असेल तर ते जास्त जाणवतं, हे डॉक्टर पण सांगतील. तुम्ही बहिणीशी बोललात ते फार चांगलं केलंत आणि त्याने मन हलकं झालं असेल तर ते मोठंच आहे. पण ते तुम्ही बहिणीसाठी आणि स्वतःसाठी केलंत, ते काही संधिवाताचं बिल नव्हतं की भरलं तर पावती मिळायला पाहिजे.

प्रार्थना करून घ्यायचीच असेल तर याकोबाच्या ५व्या अध्यायात सांगितलंय तशी घ्या, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवायचं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करायची. तिथे "त्याने पापं केली असतील तर" असं म्हटलंय, असतील तर, म्हणजे प्रत्येक आजारामागे पाप आहेच असं याकोबही धरून चालत नाही. कॅथलिक वाचकांसाठी जाता जाता, रुग्णाभ्यंगाचा संस्कार फक्त शेवटचा श्वास मोजणाऱ्यांसाठी आहे हा समज अजून घराघरात आहे, फादर तेल घेऊन आले की नातेवाईक रडायलाच लागतात, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये त्याचा विधी नव्याने ठरला आणि कुठल्याही गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, उतारवयात अशक्तपणा आला तरी तो घेता येतो, आणि एकदा घेतला म्हणून पुन्हा घेता येत नाही असंही नाही.

तुम्ही कमी पडत नाही आहात. ग्रुप बदलावासा वाटला तर खुशाल बदला.

प्रश्न : नवरा हात उचलतो. दारू प्यायल्यावर असं नाही, शुद्धीत असताना. मग दुसऱ्या दिवशी रडतो, गुडघ्यावर बसून माफी मागतो. मागच्या वेळी कानाला लागलं, एका कानाने अजून कमी ऐकू येतं. मी माहेरी आले. पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले येशूने सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलंय, तुम्ही विश्वासणारी बाई आहात, घर मोडू नका. मी त्याला माफ केलंय असं मला खरंच वाटतं, त्याचं वाईट व्हावं असं मनात नाही. पण परत जायची भीती वाटते. मग ही माफी खोटी का?

उत्तर : नाही. खोटी नाही. आणि परत जाऊ नका, निदान आत्ता तरी नाहीच. कान आधी डॉक्टरला दाखवा आणि काय झालं ते खरंखरं सांगा, बाथरूममध्ये पडले असं सांगू नका, कारण तो कागद पुढे उपयोगी पडतो.

पाळकसाहेबांनी मत्तयचा १८वा अध्याय २१व्या वचनापासून सांगितला. मी म्हणते १५व्यापासून सांगा ना. तिथे येशू म्हणतो, तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याला एकांतात जाऊन त्याचा अपराध दाखव. नाही ऐकलं तर आणखी एकदोघांना घेऊन जा. नाही ऐकलं तर मंडळीला कळव. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदार यासारखा होवो, म्हणजे बाहेरचा. हे सगळं सांगून झाल्यावर लगेच पेत्राचा किती वेळा माफ करू हा प्रश्न येतो आणि सातांच्या सत्तर वेळांचं उत्तर येतं. एकाच अध्यायात, एकाच दमात. त्यामुळे माफ करणं म्हणजे गप्प बसणं असा अर्थ निघूच शकत नाही. लूकच्या १७व्या अध्यायात तर आणखी सरळ आहे, तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला दटाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. दटावण्याचं काम मंडळीने कधी केलं? तुमच्या नवऱ्याला घेऊन बसले का कधी पाळकसाहेब? तुमच्या पत्रात तरी तसं काही नाही, ते तुमच्याकडेच आले, कारण तुम्हाला समजावणं सोपं.

आणि रडणं म्हणजे पश्चात्ताप नाही हो. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना म्हणायचा पश्चात्तापाला शोभतील अशी फळं द्या. इथे फळं म्हणजे काय, तर स्वतःहून कुणासमोर तरी कबूल करणं की मी मारतो, मदत घेणं, तुम्ही परत या असा तगादा न लावणं, आणि हे दोन दिवस नाही तर बराच काळ दिसायला पाहिजे. जुन्या करारातल्या योसेफाचं उदाहरण सगळे देतात, भावांनी वीस रुप्यांना विकलं तरी त्याने माफ केलं, गळ्यात पडून रडला. पण त्याने आधी काय केलं ते कुणी सांगत नाही. पुढे तो मिसरमध्ये मोठा अधिकारी झाल्यावर भाऊ पहिल्यांदा समोर आले तेव्हा त्याने ओळख दिली नाही. तीन दिवस कैदेत ठेवलं, शिमोनाला अडकवून घेतलं, दुसऱ्या खेपेला बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवून ठेवला. त्याला बघायचं होतं की हे लोक धाकट्या भावाला पुन्हा सोडून देतात का. यहूदा पुढे होऊन म्हणाला त्याच्याऐवजी मला गुलाम करून ठेवा, तेव्हा कुठे योसेफाचा बांध फुटला. त्याचं मन तर आधीपासूनच भरून येत होतं, दोनदा बाजूला जाऊन रडला होता. तरी भरवसा त्याने तपासूनच टाकला.

पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, शेवटचा अध्याय, तो मला या बाबतीत फार आवडतो कारण तिथे थोड्याशाच ओळींत तीन वेगवेगळी माणसं भेटतात. मार्क, ज्याच्यावरून पूर्वी पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात कडाक्याचं भांडण होऊन दोघे वेगळे झाले होते, त्याला बरोबर घेऊन ये म्हणतो, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. म्हणजे इथे नातं पूर्ण जुळलं. मग जे लोक त्याच्या पहिल्या सुनावणीच्या वेळी त्याला टाकून गेले, त्यांच्याबद्दल म्हणतो हे त्यांच्या हिशोबी धरलं न जावो. माफ केलं, विषय संपला. आणि मग आलेक्सांद्र तांबट, त्याने मला पुष्कळ उपद्रव दिला, प्रभू त्याला त्याच्या कर्मांप्रमाणे फेडेल, आणि पुढचं वाक्य, त्याच्याविषयी तूही सावध राहा. सूड देवावर सोडला, स्वतः उगवायला गेला नाही, पण दुसऱ्याला नाव घेऊन सावध केलं. पौलाला कुणी म्हणालं नाही की तुझी माफी खोटी आहे.

कायद्याकडे जाणं म्हणजे सूड घेणं, असंही तुमच्या मनात असेल. पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १३ मे १९८१ ला गोळ्या झाडल्या, चारच दिवसांनी हॉस्पिटलमधून त्यांनी जाहीर माफ केलं, १९८३ च्या डिसेंबरमध्ये तुरुंगात जाऊन त्या माणसाजवळ खुर्ची ओढून बसून बोलले, काय बोलले ते आमच्या दोघांतच राहील म्हणाले. पण तो माणूस त्या भेटीनंतर सुटून घरी गेला नाही, २००० पर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांच्या पत्नी ग्लॅडिस यांचं तर सगळ्यांना माहीतच आहे, १९९९ मध्ये नवरा आणि दोन लहान मुलगे जिवंत जाळले गेले, त्या म्हणाल्या मी माफ केलं, तरी खटला चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली. माफी त्यांनी दिली आणि न्यायाचं काम कोर्टाने केलं.

रोमकरांस पत्रात पौल म्हणतो शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीने राहा. शक्य असेल तर हे त्याचंच म्हणणं आहे. पाळकसाहेब पुन्हा आले तर एकट्या भेटू नका, घरातलं कुणीतरी बसू दे, आणि हा अंक दाखवायला माझी काही हरकत नाही.

प्रश्न : पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप कधीच माफ होत नाही ना? लहानपणी रागाच्या भरात मी देवाला आणि पवित्र आत्म्याला शिव्या दिल्या होत्या. झोप लागत नाही.

उत्तर : मत्तयच्या १२व्या अध्यायात ते कुणाला म्हटलंय बघ. येशूने डोळ्यांदेखत माणूस बरा केला आणि परूशी, म्हणजे तेव्हाचे कडक नियम पाळणारे यहुदी धर्मपुढारी, सगळं बघून सवरून म्हणाले हे भुतांच्या अधिपतीचं काम आहे. चांगलं ते वाईट असं जाणूनबुजून ठरवून, त्यावर अडून बसलेली माणसं होती ती. अशा माणसाची झोप उडत नाही रे, त्याला काही वाटतच नाही. तुला भीती वाटतेय, माफी हवीय, यातच तुझं उत्तर आलं. तरी तोच विचार दिवसभर डोक्यात फिरत असेल, पुन्हापुन्हा तीच प्रार्थना करावीशी वाटत असेल तर डॉक्टरशी बोल, असा एक आजार असतो, त्याला उपचार आहेत, त्यात विश्वास कमी असण्याचा काही संबंध नाही.

प्रश्न : जवळच्या मैत्रिणीने माझी एक खासगी गोष्ट सगळ्या ग्रुपला सांगितली. मी तिला माफ केलं, तिच्यासमोर म्हटलं पण. महिनाभर बरं होतं. मग कुठेतरी तिचा हसणारा फोटो दिसला आणि सगळं परत वर आलं, अगदी पहिल्या दिवसासारखं. म्हणजे मी माफ केलंच नाही का? आणि तसं असेल तर देव पण मला माफ करणार नाही ना, त्या निर्दय चाकराच्या दाखल्यासारखं?

उत्तर : राजाने चाकराचं कर्ज माफ केलं, पण त्याने दुसऱ्याला माफ केलं नाही म्हणून ती माफी मागे घेतली, येशूने सांगितलेल्या त्या दाखल्याला तू घाबरलीयेस, म्हणून आधी त्यातला हिशोब करू. चाकराचं राजाकडे देणं होतं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार कर, सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. लोकांना हसू यावं इतका मोठा आकडा येशूने मुद्दामच घेतला असणार. आणि हा चाकर ज्याचा गळा धरतो त्याचं देणं किती, शंभर दिनार. आता आपल्याला शिकवताना म्हणतात की बघा किती क्षुल्लक रक्कम, पण शंभर दिनार म्हणजे तीन-चार महिन्यांची मजुरी झाली ना! कुणी तुझा चार महिन्यांचा पगार बुडवला तर तू क्षुल्लक म्हणशील? येशूने दोन पैसे म्हटलं नाही. दुखावलं जाणं खरं आहे, रक्कम खरी आहे, हे तो धरूनच चाललाय. चाकराचं चुकलं कुठे, तर दोन लाख वर्षांचं कर्ज माफ होऊन नुकताच बाहेर पडलेला माणूस समोरच्याचा गळा धरतो आणि तो पाया पडून मुदत मागतोय तरी त्याला तुरुंगात टाकतो. तू तसं काही केलंस का? फोटो बघून रडलीस, एवढंच. तिची एखादी गोष्ट तू ग्रुपवर टाकली नाहीस.

अमेरिकेतले एव्हरेट वर्थिंग्टन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ख्रिस्ती, माफी हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि त्यातच त्यांच्या स्वतःच्या आईचा घरात घुसलेल्याने खून केला. ते सांगतात की माफीचे दोन भाग असतात, एक निर्णयाचा आणि एक भावनेचा. निर्णय म्हणजे मी उट्टं काढणार नाही, हिला माणूस म्हणूनच वागवीन. तो एका दिवसात होऊ शकतो. भावना बदलायला तिचा वेळ लागतो आणि ती सरळ रेषेत जात नाही. तुझा निर्णय झालेला आहे, भावना मागून येतीये, कधी थांबते, कधी मागे जाते.

मला तर कधीकधी वाटतं सातांच्या सत्तर वेळा हे नवीन नवीन अपराधांबद्दल जितकं आहे तितकंच एकाच जुन्या अपराधाबद्दल पण असेल, जो दर थोड्या दिवसांनी नव्याने दुखतो आणि दर वेळी तोच निर्णय परत घ्यावा लागतो. हे माझं मत आहे, कुठल्या टीकाग्रंथातलं नाही. व्यवहारात सांगायचं तर तिचे फोटो काही दिवस म्यूट करून ठेव. त्याने माफी कमी होत नाही. आणि पुढची खासगी गोष्ट तिला सांगू नकोस.

प्रश्न : वडिलांशी मी तीन वर्षं बोललो नाही. कारण आता सांगायलाही लाज वाटते, माझ्या लग्नावरून सुरू झालं आणि मग दोघेही अडून बसलो. ते आयसीयूत आहेत असा बहिणीचा फोन आला, मी निघालो, पोचलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चादर होती. आता माफी कुणाकडे मागू? चर्चमध्ये सगळे म्हणतात स्वतःला माफ कर. ते कसं करतात? मी कॅथलिक आहे, बायको प्रोटेस्टंट मंडळीची, ती म्हणते फादरकडे कशाला जायचं, थेट देवाला सांग.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी बरेच दिवस बाजूला ठेवलं होतं कारण याला पटकन लिहिता येईना.

स्वतःला माफ कर, हे चांगल्या मनाने म्हणतात लोक, पण बायबलमध्ये असा आदेश मला तरी कुठे सापडत नाही, आणि मला वाटतं ते बरंच आहे, कारण जो गुन्हेगार तोच न्यायाधीश झाला की एक तर तो स्वतःला फार लवकर सोडतो नाही तर कधीच सोडत नाही. तुमचं दुसरं झालंय. योहानच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात आहे की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे आणि त्याला सगळं माहीत आहे. सगळं माहीत आहे यात तुमचा अडेलपणा आला, वडिलांचा पण आला, आणि तुम्ही फोन आल्याबरोबर निघालात ते पण आलं. ते शेवटचं तुम्ही स्वतःच्या हिशोबात धरतच नाही आहात.

पेत्राचं बघा. येशूला पकडलं त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाचा विस्तव पेटवलेला, थंडी असते, लोक शेकत उभे, आणि तिथे तो तीनदा म्हणतो मी त्याला ओळखत नाही. मग पुनरुत्थानानंतर समुद्राकाठी शिष्य मासे धरून येतात तर येशूने पुन्हा कोळशाचा विस्तव केलेला. हा तपशील योहानच देतो, दोन्ही वेळा. तिथे न्याहारी झाल्यावर येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटतं, वाटणारच. येशू त्या रात्रीचं नाव काढत नाही, पण ती रात्र विसरल्यासारखंही करत नाही, आणि प्रत्येक उत्तरानंतर काम देतो, माझी मेंढरं चार, सांभाळ. तुम्ही म्हणाल पेत्राला निदान समोर बसून बोलता तरी आलं, माझे वडील गेले. हो. तेवढी जखम राहणार, ती नाही असं मी म्हणणार नाही.

पण बोलायचं राहिलं ते तोंडातून बाहेर पडलं पाहिजे. स्तोत्र ३२ मध्ये म्हटलंय मी गप्प राहिलो तेव्हा दिवसभराच्या कण्हण्याने माझी हाडं झिजली. म्हणून फादरकडे जा असं मी सांगेन, तुम्ही कॅथलिक आहात तर तुमच्या घरातच ही सोय आहे, वापरा की. किती वर्षं गेला नाहीत ते सांगून सुरुवात करायची, सजवून सांगायचं नाही, वडिलांशी तीन वर्षं बोललो नाही आणि ते गेले, एवढं वाक्य पुरे. समोरचा फादर ते कुणालाही, कधीही, कोर्टातसुद्धा सांगू शकत नाही, सांगितलं तर त्याचंच चर्चशी नातं तुटतं इतका तो नियम कडक आहे. तो तुम्हाला एखादं प्रायश्चित्त देईल, आणि मग पापमुक्तीचे शब्द उच्चारेल. तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकायची गरज आहे असं मला वाटतं, कारण स्वतःशी तर तुम्ही इतके दिवस बोलताच आहात आणि त्याने काही झालं नाही.

बायकोचंही चुकत नाही, आपण पाप कबूल केलं तर देव विश्वासू आहे आणि क्षमा करतो, हे वचन कुठल्याही मध्यस्थाशिवाय आहे. पण एकमेकांजवळ पापं कबूल करा हे पण याकोबाचंच आहे, आणि ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्या खुद्द मार्टिन लूथरने खासगी कबुली टाकून दिली नव्हती, सक्ती तेवढी नको म्हणाला. या वादात तुम्ही दोघांनी पडू नका. वडिलांसाठी मिस्सा अर्पण करा, आणि त्यांच्या शेवटच्या दिवसांचं बहिणीला सविस्तर विचारा. भीती वाटेल, तरी विचारा. ते तुमच्याबद्दल काय बोलत होते ते तिलाच माहीत असणार.

प्रश्न : मी धाकट्या भावाचे पैसे एका व्यवहारात अडकवले. खरं सांगायचं तर मला माहीत होतं की ते परत येणं कठीण आहे, तरी त्याला सांगितलं नाही. आता मी पश्चात्ताप केलाय, मंडळीत सगळ्यांसमोर साक्ष दिली, रडलो. तो मात्र तोंड बघायला तयार नाही. तो पण विश्वासणारा आहे. क्षमा करणं हे त्याचं कर्तव्य नाही का? त्याला वचन कसं समजावू?

उत्तर : समजावू नका. क्षमा करा हे वचन त्याच्यासाठी आहे आणि ते तो देवाशी बघून घेईल, तुमच्यासाठीचं वचन वेगळं आहे. मत्तयच्या ५व्या अध्यायात येशू म्हणतो तू वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. तुम्ही वेदीजवळ गेलात, साक्ष दिलीत, आणि आता भावाने तिकडे चालत यावं म्हणताय.

जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराची गोष्ट लूकच्या १९व्या अध्यायात आहे. येशू घरी आला तेव्हा तो उभा राहून काय म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात असं फसवून घेतलेलं स्वतः कबूल केलं तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच द्यायचं होतं. हा चौपटीवर गेला, आणि लोकांनी मला माफ करावं अशी अट त्याने कुठेच घातली नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात पश्चात्ताप आहे, साक्ष आहे, रडणं आहे, भावाचं कर्तव्य आहे. पैसे कधी परत करणार ते कुठेच नाही. चौपट जमणार नाही हे मला कळतं, मूळ रक्कमही एकदम जमणार नसेल, पण एका कागदावर लिहा की किती घेतले, काय लपवलं, आणि दर महिन्याला किती देणार, खाली सही करा आणि त्याला पाठवा. वचन घालू नका त्यात, आणि आईला मध्ये घालू नका. मंडळीत ज्यांच्यासमोर रडलात त्यांनाही सांगा की तो व्यवहार नुसता बुडला नव्हता, तुम्हाला आधीच माहीत होतं, कारण आत्ता तिथे सगळ्यांना तोच कठोर वाटत असणार. पहिला हप्ता या महिन्यातच गेला पाहिजे, त्याने फोन उचलला नाही तरी.